जीवरसायनशास्त्र कशासाठी शिकायचे?



या पानावर आम्ही नेहमी बेणेप्रक्रिया, खताच्या मात्रा, खोडव्याची निगा असे विषय घेतो. या अंकात विषय थोडा वेगळा आहे. पण तो उसाला सोडून नाही, हे शेवटपर्यंत वाचल्यावर आपल्या ध्यानात येईल.

बारावीचा निकाल लागल्यानंतर चार-सहा दिवसांनी एक जुने सभासद आमच्या शेतकी ऑफिसात आले. नोंदीची किंवा पाणीपट्टीची काही तक्रार असेल, असे आम्हाला वाटले. ते म्हणाले, "साहेब, आज उसाचं काम नाही. पोरीचं काम आहे. बारावी सायन्सला मार्क बरे पडलेत, पण डॉक्टरकीला नंबर लागंल असं दिसत नाही. ती म्हणतीय, मला बायोकेमिस्ट्री शिकायचीय, पार विद्यापीठापर्यंत. आता हे असतं काय, आणि ते शिकून माणूस करतो काय? तुम्ही शेतकीचं शिकलेला, म्हणून विचारतो."

आम्ही "चांगलं असतं आबा, शिकू द्या," एवढेच म्हणालो, चहा पाजला आणि त्यांना वाटेला लावले. ते गेल्यावर मात्र मनाला लागून राहिले. माणूस दहा मैल येऊन लेकीच्या आयुष्याचा प्रश्न विचारतो आणि आपण त्याला 'चांगलं असतं' एवढ्यावर परत पाठवतो, हे बरे नव्हे. शिवाय एक जुनी गोष्ट आठवली. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका सभासदाच्या मुलाने आम्हाला हेच विचारले होते. तेव्हा आम्ही त्याला सांगितले, "त्यात काय ठेवलंय? आमच्यासारखा डिप्लोमा कर, लवकर नोकरीला लागशील." पोराने ऐकले. आज तो बरे कमावतो, त्याची तक्रार नाही. पण ज्या विषयाची आम्हाला धड माहिती नव्हती, तो आम्ही एका वाक्यात मोडीत काढला, ही चूक आमची. तीच पुन्हा होऊ नये म्हणून हा लेख.

रिफ्रॅक्टोमीटरने आम्हाला कसे गप्प केले

आम्ही डिप्लोमाला असताना एक नियम पाठ केला होता : ऊस तोडल्यापासून २४ तासांच्या आत गाळला पाहिजे. हा नियम आम्ही गावोगावच्या सभांतून सांगत आलो. एकदा एका शिवारफेरीत एक सभासद उठले आणि म्हणाले, "साहेब, तोडून ठेवलेला ऊस जास्त गोड लागतो की. तुमचंच यंत्र लावून बघा."

आम्ही ताज्या उसाचा रस हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर घेतला. ब्रिक्स २० आला. बांधावर चार दिवस पडलेल्या त्याच उसाचा घेतला. ब्रिक्स २२ आला! सगळी मंडळी हसली. आम्ही "ऊस वाळला की वजन घटतं," असे काहीतरी म्हणून वेळ मारून नेली. वजनाचे ते खरेच होते, पण गोडीच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते.

उत्तर मिळाले ते कारखान्याच्या प्रयोगशाळेत. आमच्या केमिस्टनी दोन्ही उसांचा रस पोलरीमीटरच्या नळीत भरला आणि सांगितले, "तुमचं ते यंत्र रसात विरघळलेलं सगळंच मोजतं. साखर, ग्लुकोज, क्षार, डिंक, सगळं एकत्र. ऊस वाळला, पाणी उडालं, रस घट्ट झाला, म्हणून ब्रिक्स चढला. पण त्यातली खरी साखर किती, ते पोल सांगतो." चार दिवसांच्या उसाची शुद्धता चांगलीच घसरलेली होती.

ती साखर गेली कुठे? कोणी चोरली नाही, की सांडलीही नाही. उसाच्या कांडीतच ती फुटली. ज्या शास्त्राने हे उलगडून दाखवले, तेच जीवरसायनशास्त्र.

हे शास्त्र आहे तरी काय?

साध्या भाषेत सांगायचे तर जिवंत शरीरात, मग ते माणसाचे असो, म्हशीचे असो, उसाचे असो की यीस्टसारख्या बारीक जिवाचे असो, रात्रंदिवस जी रासायनिक कामे चालतात त्यांचा अभ्यास म्हणजे जीवरसायनशास्त्र. ही कामे करणारे मजूर म्हणजे एंझाइम. मराठी पुस्तकांत त्यांना विकर म्हणतात. प्रत्येक विकराचे काम ठरलेले. तोडणीवाला मोळी बांधतो, गाडीवान गाडी हाकतो, तसे एक विकर एकच काम करते.

आपल्या घरात ही कामे रोज दिसतात. वांगे चिरून ठेवले की काळे पडते, ते एका विकरामुळे. मटण शिजायला कच्च्या पपईचा तुकडा टाकतात, त्या पपईच्या चिकात मांस मऊ करणारे विकर असते. ही कामे आपल्या आया-आज्या पिढ्यान् पिढ्या करत आल्या. फक्त ती का होतात, ते कोणी सांगितले नव्हते.

आता उसाचे बघा. आपली साखर म्हणजे सुक्रोज. त्याचा एक रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची बांधलेली जोडी. उसात इन्व्हर्टेज नावाचे एक विकर असते. ते पाण्याचा एक रेणू घालून ही जोडी सोडवते. ऊस वाढत असतो तेव्हा हे विकर उपयोगाचेच असते, कारण कोवळ्या पेरांना वाढीसाठी सुटी साखर लागते. पण ऊस तोडला की पानांकडून नवीन साखर येणे बंद होते आणि इन्व्हर्टेजचे काम मात्र चालूच राहते. ऊन जितके कडक, तितके हे काम जोरात.

जोडी सुटली की नुकसान कसे, तेही हिशेबाने बघू. सुक्रोजचे रेणुवजन ३४२. त्यात पाण्याचे १८ मिळवले की ३६० होतात, म्हणजे १८० ग्लुकोज आणि १८० फ्रुक्टोज. १०० किलो साखर फुटली तर कागदावर १०५ किलो गोड पदार्थ तयार होतो. वजन वाढले, जिभेलाही गोड लागते, कारण फ्रुक्टोज साखरेहून गोड. पण कारखान्याच्या पॅनमध्ये त्याचा दाणा धरत नाही आणि तो मळीबरोबर निघून जातो. शिळ्या उसाचा गूळ चिकट होतो, ढेप बसत नाही, असे आपले गुळवे सांगतात, त्याचे मूळ इथे आहे. त्या दिवशी शिवारात सभासदाची जीभ आणि आमचे यंत्र, दोन्ही फसले होते!

दुसरे नुकसान बाहेरून येते. कोयत्याच्या घावातून ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू कांडीत शिरतात. ते साखर खातात आणि डेक्स्ट्रान नावाचा डिंक तयार करतात. तो रसात आला की रस बुळबुळीत होतो, गाळणी मंदावते, दाणा लांबट पडतो. जळालेल्या उसात हा त्रास आणखी लवकर होतो.

साखरेनेच हे शास्त्र घडवले

पुष्कळांना वाटते की असली शास्त्रे मोठ्या शहरांतल्या इस्पितळांसाठी आहेत. पण या शास्त्राच्या इतिहासात पदोपदी साखर भेटते.

१८९७ साली जर्मनीत एडवर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून, दाबून त्याचा रस काढला. तो रस टिकावा म्हणून, आपण मुरांब्यात साखर घालतो त्याप्रमाणे, त्यात भरपूर साखर घातली. रस टिकायचा राहिला बाजूला, त्यातून बुडबुडे येऊ लागले! यीस्टचा एकही जिवंत जीव नसताना साखरेचा अल्कोहोल होत होता. म्हणजे काम जिवाचे असले, तरी ते करणारा पदार्थ जिवातून वेगळा काढता येतो. या शोधाला १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या डिस्टिलरीच्या प्रत्येक टाकीत तेच काम चालते.

१९१३ साली बर्लिनमध्ये लिओनॉर मिखाएलिस आणि कॅनडाहून आलेल्या डॉक्टर मॉड मेंटेन या बाईंनी विकराच्या वेगाचा नियम मांडला. प्रयोगासाठी घेतले काय? इन्व्हर्टेज आणि साखर! मोजले कशाने? पोलरीमीटरने. साखर प्रकाशाला उजवीकडे वळवते आणि फुटलेले मिश्रण डावीकडे वळवते. म्हणूनच या फुटण्याला 'उलटणे' या अर्थाचा इन्व्हर्शन हा शब्द पडला. त्यांचा नियम आपल्याला गव्हाणीवर उभे राहून समजेल. सुरुवातीला गाड्या वाढल्या की गाळप वाढते. पण गाळपक्षमता भरली की यार्डात कितीही गाड्या उभ्या करा, तासाचे गाळप तेवढेच. विकराचेही तसेच असते. आज नवीन औषध शोधणारेही हेच गणित मांडतात.

अर्जेंटिनात लुईस लेलुआर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात वनस्पती साखर बांधते कशी, ते शोधून काढले. लेलुआरना १९७० चे नोबेल मिळाले.

आणि सर्वांत मोठी गोष्ट आपल्या उसाचीच. हवाई बेटांवर ऊस बागायतदारांच्या संघटनेचे एक संशोधन केंद्र होते. तिथे कोर्टशॅक, कॉन्स्टन्स हार्ट आणि बर यांना दिसले की उसाचे पान हवेतला कार्बन वायू गहू-भातासारखा पकडत नाही. आधी चार कार्बनचे आम्ल तयार होते. १९६५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन इथे एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ पासून त्याची पूर्ण वाट उलगडली. दूधसंघाचे उदाहरण घ्या. गावोगावच्या केंद्रांवर दूध गोळा होते आणि मग एकवट होऊन डेअरीत जाते. उसाच्या पानातही बाहेरच्या पेशी कार्बन वायू गोळा करतात आणि आतल्या पेशींना एकवट पोचवतात. त्यामुळे कडक उन्हातही काम वाया जात नाही. ऊस एकरी एवढे टनेज का देतो, याचे एक मोठे कारण हे. आणि बघा, हे शोध बागायतदारांच्या आणि साखर धंद्याच्या पैशातून चालणाऱ्या प्रयोगशाळांत लागले.

आपल्या माणसांतले उदाहरण

कोणी म्हणेल, हे सगळे परदेशातले. तर कमला सोहोनी यांचे नाव घ्यावे लागेल. या माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ साली त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. तेव्हा तिथे सर सी. व्ही. रामन संचालक होते. बाई आहे म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई माघारी फिरल्या नाहीत. त्यांनी कारण विचारले आणि हट्ट धरला. शेवटी एक वर्ष काम बघून मग ठरवू, अशा अटीवर त्यांना घेतले. वर्षभरात त्यांनी असे काम केले की पुढे त्या संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. नंतर त्या केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना, पेशीच्या श्वसनात लागणारे सायटोक्रोम सी हे द्रव्य वनस्पतीतही असते, हे त्यांनी दाखवले आणि १९३९ साली डॉक्टरेट मिळवली. परदेशात राहता आले असते, पण त्या परत आल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी कडधान्यांवर आणि नीरेवर काम केले. गरिबाच्या मुलाला नीरेतून पोषण मिळते का, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे त्या त्याच संस्थेच्या संचालक झाल्या.

हे शास्त्र माणूस कशासाठी शिकतो, याचे उत्तर आम्हाला या उदाहरणात दिसते. एखादा प्रश्न मनात घर करतो आणि त्याच्या उत्तराने आपल्या माणसांचे काही भले होईल असे वाटते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस असल्या अभ्यासाला बसतो.

आपल्या बांधावर याचा काय उपयोग?

ऊस पक्व व्हायला थंडी लागते आणि तोडणीच्या आधी पाणी तोडावे लागते, हे आपण जाणतो. कारण असे की वाढ थांबली की कांडीतले इन्व्हर्टेज कमी होते आणि साखर साठू लागते. उशिरा युरिया टाकला तर ऊस वाढतच राहतो आणि पक्वता लांबते. शेंड्याची कोवळी पेरे वाढ्याबरोबर काढून टाकायला सांगतो, तेही याचसाठी. त्यांत फुटलेली साखर जास्त असते.

चुनखडीच्या रानात खोडव्यावर केवडा पडतो. पाने पिवळी-पांढरी होतात. पानातले हरितद्रव्य तयार करणाऱ्या साखळीला लोह लागते आणि चुनखडीत असलेले लोहही पिकाला मिळत नाही. म्हणून आपण हिराकस फवारतो. अॅसिटोबॅक्टरची बेणेप्रक्रिया करतो, तो जिवाणू उसाच्या आत राहून हवेतला नत्र धरतो. ब्राझीलमध्ये १९८८ साली उसातूनच तो प्रथम वेगळा काढला गेला. त्या कामात योहाना डोबेराइनर या संशोधक बाई होत्या.

पैशात सांगायचे तर, २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरवलेल्या एफआरपीत १०.२५ टक्क्यांच्या वर उताऱ्यात प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ३२ पैसे जादा होते. म्हणजे टनाला ३३ रुपये २० पैसे. पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्याच्या सभासदांना ०.१ टक्क्याचे १ कोटी ६६ लाख रुपये होतात. एवढा उतारा शिळ्या उसात सहज निघून जातो. तो कसा वाचवायचा, हे सांगणारी माणसे आपल्याच घरांतून तयार झाली तर वावगे काय?

मग पोटापाण्याचे काय?

इथे खोटी आशा दाखवणार नाही. नुसत्या बी.एस्सी.वर लगेच मोठा पगार मिळेल, असे समजू नये. या विषयात एम.एस्सी.पर्यंत जायची तयारी ठेवावी लागते. संशोधनात जायचे तर नेटसारखी परीक्षा आणि पीएच.डी. म्हणजे वयाच्या पंचविशीच्या पुढेही शिक्षण चालते. औषध कंपन्या, रक्त-लघवी तपासणीच्या प्रयोगशाळा, अन्नपदार्थांची तपासणी, डिस्टिलरी, बियाणे व जैविक खते, कॉलेजातली शिकवणी आणि संशोधन संस्था ही कामाची ठिकाणे. साखर कारखान्यात केमिस्ट व्हायचे असेल तर पदवीनंतर साखर तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम करावा लागतो. तो मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये किंवा कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेत शिकवतात. तालुक्याच्या कॉलेजात हा विषय नसला तरी अडत नाही. रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन पुढे एम.एस्सी.ला इकडे वळता येते. त्या त्या विद्यापीठाच्या अटी मात्र आधी बघून घ्याव्यात.

डॉक्टरकी हुकली म्हणून रडत-कढत इकडे येणाऱ्याने मात्र दहादा विचार करावा. पाठांतराने हा विषय दोन वर्षे रेटता येईल, पाच वर्षे नाही. मुलाला किंवा मुलीला खरी ओढ आहे का, हे कसे ओळखायचे? शाळेत सांगितलेल्या नियमाला 'का' म्हणून विचारते का? प्रयोग फसला तर चिडून सोडून देते, की पुन्हा करून बघते? केमिस्ट्री आणि गणित यांना घाबरत तर नाही ना? या तीन प्रश्नांना बरी उत्तरे येत असतील तर वाट अडवू नका.

मुलीच्या बाबतीत "एवढं शिकली तर लग्नाचं काय?" हा प्रश्न घरोघर निघतो. आम्हीही बापच आहोत, काळजी समजते. पण कमलाबाईंना ज्यांनी दारात अडवले, त्यांनाही पुढे आपले मत बदलावे लागले. आपल्याच घरच्या दारात आपल्याच लेकीला आपण अडवावे का, याचा विचार करावा.

ते जुने सभासद पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. या वेळी मुलगीही बरोबर होती. आम्ही तिला विचारले, "बाई, तुला हेच का शिकायचंय?" ती जरा लाजली, मग म्हणाली, "काका, आजी सांगायची, शिळ्या उसाचा गूळ धरत नाही. का, ते तिला माहीत नव्हतं. मास्तरांना विचारलं, तेही म्हणाले, तसंच असतं. मला ते 'तसंच असतं' पटत नाही." आबा आमच्याकडे बघत राहिले. वर लिहिलेला सगळा हिशेब आम्ही त्या दिवशी दोघांना कागदावर मांडून दाखवला. निर्णय त्यांचा त्यांनी घ्यायचा आहे. पण 'चांगलं असतं' एवढ्यावर त्यांना परत पाठवले नाही, याचे समाधान आहे.

ज्या सभासदांची मुले-मुली सायन्सला आहेत, त्यांनी गळीत हंगाम सुरू झाल्यावर आपल्या गट ऑफिसात सांगावे. कारखान्याच्या प्रयोगशाळेत ब्रिक्स आणि पोल कसा काढतात, ते दाखवण्याची व्यवस्था आम्ही करू. येताना एक ताजा ऊस आणि एक चार दिवसांचा ऊस बरोबर आणावा. बाकीचे धडे ते दोन ऊसच देतील.



— ऊस विकास अधिकारी